सांगलीच्या वेशीवर विज्ञान पार्क : मागणीपासून जोत्यापर्यंत

सांगली-मिरज-कुपवाडच्या हद्दीला लागून एक विज्ञान आणि नवोन्मेष पार्क, म्हणजे उद्योगांना आणि संशोधकांना भाड्याने प्रयोगशाळा आणि कार्यशाळा देणारी वसाहत, उभं करायचं ठरलं, तेव्हा हे काम कोणत्या क्रमाने करायचं हे सांगणारं मराठी टिपण काही केल्या सापडेना. म्हणून हे लिहून ठेवत आहोत. आमचा गट मिश्र आहे: महाविद्यालयांतले प्राध्यापक, कुपवाड एमआयडीसीतले कारखानदार, एक नगररचनाकार, एक सीए. पार्क अजून पूर्ण झालेलं नाही. पहिल्या इमारतीचं जोतं झालं आहे आणि नियोजनाचा किचकट भाग मागे पडला आहे. कराडला, विट्याला किंवा साताऱ्यात कुणाच्या मनात असं काही असेल तर यातलं बरंचसं तसंच लागू पडेल.

सुरुवात जूनमध्ये, मागणीपासून केली. जागेपासून केली नाही. तोवर चर्चेत सारखा एकच सूर होता: आधी जमीन पाहू, मग भाडेकरू आपोआप येतील. तसं होत नसतं. आपल्या जिल्ह्यातच पलूसला वाइन पार्क झालं, द्राक्षं दाराशी होती, तरी त्याने म्हणावं तसं बाळसं धरलं नाही. हा दाखला पुढे प्रत्येक बैठकीत निघाला आणि निघायलाच हवा होता.

सर्वेक्षणात "असं पार्क झालं तर तुम्हाला आवडेल का?" असं विचारू नका. शंभरातले शंभर जण हो म्हणतात. विचारायचं ते हे: गेल्या वर्षी कोणती चाचणी किंवा कोणतं काम बाहेरगावी पाठवलं, कुठे पाठवलं, निकालाला किती दिवस लागले, बिल किती झालं? शक्य असेल तर बिलं बघायला मागायची. उत्तरं एकदम जमिनीवर येतात. तासगाव, मिरज पट्ट्यातल्या द्राक्ष निर्यातदारांना कीटकनाशकांच्या अंशाची तपासणी हवी असते. बेदाणेवाल्यांना ओलावा आणि गंधकाच्या धुरीनंतर उरलेला सल्फर डायऑक्साइड मोजून हवा असतो. हळदीच्या व्यापाऱ्यांना कर्क्युमिनचं प्रमाण. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये आणि हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण खरेदीदार मानांकनाच्या कागदासोबत प्रयोगशाळेचा कागदही मागतो. फाउंड्रीवाल्यांना धातूचं पृथक्करण, पंप आणि यंत्रभाग करणाऱ्यांना नमुना बनवायला चांगली कार्यशाळा, मिरजेच्या डॉक्टर मंडळींना छोटी उपकरणं घडवून तपासायची सोय. नुसतं टेबल, खुर्ची आणि इंटरनेट मागणारे होते, पण त्यांची गरज शहरातला कुठलाही मजला भागवू शकतो. त्यासाठी वेशीवर जायचं कारण नाही.

यातून एक गोष्ट स्पष्ट झाली आणि पुढचे सगळे निर्णय तिच्यावर बेतले. इथे गरज आहे ती ओल्या प्रयोगशाळेची, म्हणजे रसायनं, पाणी, वायू, धुराडं लागणाऱ्या जागेची, आणि सोबत उंच छताच्या कार्यशाळेची. कार्यालयाची इमारत बांधून तिची नंतर प्रयोगशाळा करता येत नाही. उलट मात्र सहज जमतं.

होकार देणाऱ्यांकडून इरादापत्र घ्या आणि सोबत परत मिळणारी थोडी अनामतही मागा. अनामतीचं नाव काढलं की यादी निम्म्याखाली येते. उरते ती खरी मागणी. आमचा पहिला टप्पा त्या उरलेल्या यादीवरून ३,००० चौरस मीटर बांधकामाचा ठरला. जमीन मात्र १८ एकर पाहिली, कारण पुढच्या टप्प्यांची वाढ एकाच सलग जागेत हवी.

जागा पाहायला ऑगस्टमध्ये बाहेर पडलो, तेही मुद्दाम. सांगलीत जमीन उन्हाळ्यात पाहणं म्हणजे अर्धीच पाहणं. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. नदीकाठच्या जमिनी दिसायला देखण्या, सपाट, रस्त्यालगत आणि मोठ्या शहराच्या मानाने स्वस्त असतात. त्या स्वस्त का असतात ते नकाशावरच्या दोन रेषा सांगतात. निळी पूररेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळ्या रेषेमधला पट्टा बांधकामाला निषिद्ध. निळ्या आणि लाल रेषेच्या मधे बांधता येतं, पण जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर वर घ्यावं लागतं. तेवढा भराव टाकायचा खर्च जमिनीच्या स्वस्ताईला गिळून टाकतो.

जागा दोन्ही रेषांच्या बाहेर असली म्हणजे संपलं असंही नाही. जागेवर येणारा रस्ता आणि वीज जिथून येते ते उपकेंद्र, दोन्ही पुराच्या बाहेर हवीत. प्रयोगशाळेत उणे ८० अंशांचे फ्रीझर असतात. वीज गेली, रस्ता तुटला आणि जनरेटरचं डिझेल संपलं, की वर्षभराचे नमुने पाण्यात. तेही इमारतीत पाण्याचा थेंब न शिरता. म्हणून महावितरणच्या स्थानिक कार्यालयात जाऊन फीडर, म्हणजे उपकेंद्रातून निघणारी वीजवाहिनी, कुठून कुठे जातो याचा एकरेषीय नकाशा पाहून घ्या. २०१९ आणि २०२१ च्या पुरात तो फीडर किती काळ बंद होता हेही तिथे तोंडी समजतं.

या चाळणीतून नदीकडचा पश्चिमेचा भाग बाद झाला आणि शोध पूर्वेकडे, कुपवाड-सावळी-तानंगच्या उंचवट्याकडे सरकला. तिथे कृष्णेचं पाणी येत नाही, पण एका जागेवर शेजारच्या रानातल्या अण्णांनी बांधावर उभं राहून हात केला, "किस्नामाई हितवर न्हाई येत, पण वढ्याचं पाणी येतंय बघा, त्या बाभळीपतूर." बाभळीच्या बुंध्याला गुडघ्याच्या उंचीवर पालापाचोळा आणि प्लॅस्टिक अडकलेलं होतं. गावनकाशावर तो ओढा बारीक रेघेसारखा दिसतो. खाली रस्त्याच्या मोरीला ९०० मिलिमीटरचा एकच नळ घातलेला, वरचा पाणलोट मोठा, म्हणजे जोराच्या पावसात पाणी मागे तुंबणार हे हिशेबाने पण निघतं. जागा नाकारली नाही. ओढ्याकडेची पट्टी मोकळी ठेवून तिथेच नियमावलीप्रमाणे लागणारी १० टक्के खुली जागा आणि पावसाचं पाणी साठवायचं तळं दाखवलं. बाभळीची पातळी लेव्हल मशिनने मोजून नकाशावर घेतली.

ऑक्टोबरपासून कागद. हा भाग कंटाळवाणा आहे आणि नेमका इथेच बहुतेक प्रकल्पांचं घोंगडं भिजत पडतं.

सातबारावर मालकाचं नाव सगळेच पाहतात. तुम्ही उजवीकडचा इतर अधिकाराचा रकाना आधी वाचा. आपल्या भागात तिथे तीन गोष्टी हमखास सापडतात. एक, सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा. कर्ज फिटलेलं असतं, बोजा कमी केल्याचा फेरफार झालेला नसतो. दोन, पुनर्वसनाचा शेरा. धरणग्रस्तांसाठी लाभक्षेत्रातल्या जमिनी राखीव ठेवताना हे शेरे पडले आणि अनेक ठिकाणी प्रत्यक्ष संपादन न होताही राहिले. शेरा असेपर्यंत हस्तांतर अडतं, आणि तो उठवायला जिल्हा पुनर्वसन कार्यालयापासून प्रस्ताव फिरतो. यात महिने जातात. तीन, विहिरीतले हिस्से आणि पाण्याच्या पाळ्या. जमीन तुम्ही घेतली तरी शेजाऱ्याचा विहिरीतला चार आणे हिस्सा तसाच राहतो आणि पाइपलाइन तुमच्या नियोजित इमारतीखालून जाते. भोगवटादार वर्ग १ की वर्ग २ हेही तिथेच पाहा. वर्ग २ असेल तर विक्रीला आधी परवानगी लागते.

तलाठी भाऊसाहेबांकडे जुने फेरफार मागताना नुसते "सगळे फेरफार" म्हणू नका. सातबारावर फेरफार क्रमांक छापलेले असतात, त्यांची यादी करून न्या. काम एका बैठकीत होतं. वकिलाकडून ३० वर्षांचा शोध अहवाल आणि वर्तमानपत्रात १५ दिवसांची जाहीर नोटीस ही दोन्ही कामं सौदा पक्का व्हायच्या आधी करायची. नोटिशीमुळे बहिणींचे हक्क, जुने साठेखत, तोंडी वाटण्या बाहेर येतात. आमच्याकडच्या एका गटात हेच झालं. तो गट वगळला.

गायरान फुकट मिळेल म्हणून त्याच्या मागे लागू नये. २०११ मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आणि त्याच वर्षीचा १२ जुलैचा शासन निर्णय यांनी गायरान देण्याचा मार्ग फार अरुंद केला आहे.

शेतजमीन बिगरशेतकऱ्याला घेता येत नाही, आणि कंपनी तर शेतकरी असूच शकत नाही. यावर कूळ कायद्यात कलम ६३-१ अ आहे: खऱ्याखुऱ्या औद्योगिक वापरासाठी १० हेक्टरपर्यंत जमीन घेता येते, त्याहून जास्त असेल तर विकास आयुक्त उद्योग यांची परवानगी. १८ एकर म्हणजे सव्वासात हेक्टरच्या आसपास, तेव्हा मर्यादेत बसतो असं वाटतं. पण व्याख्या नीट वाचली की मेख दिसते. संशोधन आणि विकास हे त्यात उद्योगाला पूरक वापर म्हणून येतात. स्वतंत्र संशोधन संस्था म्हणून अर्ज केला तर समोरचा अधिकारी "यात उद्योग कुठे आहे?" असं विचारणार आणि त्याचं चूक नाही. आम्ही प्रकल्पाची मांडणीच औद्योगिक वसाहत अशी केली: कार्यशाळा आणि प्रक्रिया युनिटं मुख्य, चाचणी आणि संशोधन पूरक. हे केवळ कागदापुरतं नव्हतं. मागणीच्या यादीतही कार्यशाळेला पहिल्यापासून वजन होतं. जमीन घेतल्यावर तिचा औद्योगिक वापर कायद्यातल्या मुदतीत सुरू करावा लागतो. त्यामुळे पुढच्या पिढीसाठी म्हणून पन्नास एकर घेऊन ठेवायचा मोह टाळावा.

झोन दाखला आणि भाग नकाशा नगर रचना कार्यालयातून घ्या, आणि तो गट विकास योजनेत येतो की प्रादेशिक योजनेत हे लेखी घ्या. हद्दीवरच्या गावांत एकाच गटाचा निम्मा भाग एका योजनेत आणि निम्मा दुसऱ्यात असं होतं. जमीन शेती विभागात असली तरी २ डिसेंबर २०२० ला मंजूर झालेल्या राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत शैक्षणिक आणि संशोधन संस्थांना वाव आहे, मात्र मिळणारं चटईक्षेत्र, म्हणजे जमिनीच्या प्रमाणात करता येणारं बांधकाम, कमी असतं. औद्योगिक विभागातली जमीन एकरी महाग पडते, पण चटईक्षेत्राने भागून पाहिलं तर फरक बराच मिटतो. आम्ही हे गणित करूनच औद्योगिक पट्ट्याकडे वळलो.

मोजणीचा अर्ज नोव्हेंबरमध्ये केला, क प्रत, म्हणजे हद्दी दाखवणारा मोजणी नकाशा, फेब्रुवारीत हाती आली. मोजणीचे आता दोनच प्रकार आहेत, नियमित आणि द्रुतगती. द्रुतगतीचं शुल्क जास्त आहे, पण ज्या प्रकल्पात वास्तुविशारद थांबून राहणार आहे त्याने तेच भरावं. मोजणीच्या दिवशी लगतच्या सगळ्या खातेदारांना नोटीस पोचलेली असणं महत्त्वाचं. एकाला जरी मिळाली नाही तरी तो बांधावर येऊन हरकत घेतो आणि पुढची तारीख पडते. नोटिशीखेरीज आदल्या संध्याकाळी घरोघरी जाऊन "काका, उद्या मोजणी आहे, या" एवढं सांगितलं तर हरकती निम्म्या कमी होतात. सातबाराचं क्षेत्र आणि प्रत्यक्ष वहिवाट यात फरक निघतोच. आराखडा नेहमी दोन्हींपैकी कमी क्षेत्रावर काढा. आणि रस्ता: गाडीवाट नकाशावर आहे का? नसेल तर वहिवाटीच्या भरवशावर प्रकल्प उभा करता येत नाही. मोठा टँकर आणि अग्निशमन गाडी वळेल असा, किमान १२ मीटरचा कायदेशीर पोचरस्ता हवा.

माती तपासणी मार्च-एप्रिलमध्ये. वरून सगळं रान सारखंच काळं दिसत होतं. बोअर घेतल्यावर उंचवट्यावर काळी माती दीडेक मीटर, खाली मुरूम, मग मांजऱ्या, म्हणजे ठिसूळ खडक, आणि त्याखाली कठीण काळा पाषाण. ओढ्याकडे हीच काळी माती चार मीटरवर गेलेली. म्हणून बोअर चार कोपऱ्यांत घेऊन चालत नाही. इमारती जिथे येणार तिथे आणि उतार जिथे बदलतो तिथे घ्यायचे. अहवालात मुक्त फुगवटा निर्देशांक, म्हणजे पाण्यात माती किती टक्के फुगते हे, मागून घ्या. तो ५० टक्क्यांच्या वर गेला की माती चांगलीच फुगीर समजायची. अशा मातीत साधारण साडेतीन मीटर खोलीपर्यंत ऋतूप्रमाणे हालचाल होते. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसाळ्यात फुगवटा. खांब मुरमावर टेकवले तर इमारत टिकते, पण तळमजल्याची फरशी मात्र उचलली जाते आणि भिंतींना तिरक्या चिरा जातात. आपल्याकडच्या निम्म्या शाळांत हे पाहायला मिळतं. कारण फरशीखालची काळी माती कुणी काढलेली नसते. आमच्या आराखड्यात इमारतीखालची काळी माती पूर्ण काढून मुरूम थरांनी दाबून भरला आहे, आणि ओढ्याकडच्या कार्यशाळेला खाली फुगा असलेले, म्हणजे अंडररीम्ड, पाइल घेतले आहेत. मातकामाचा खर्च यामुळे इमारतीच्या एकूण खर्चात ठळक दिसतो. अंदाजपत्रकात तो वेगळा दाखवा, नाहीतर पैसे देणारा म्हणतो की दर जास्त लावले.

रस्त्यांचंही तेच. भिजलेल्या काळ्या मातीची सीबीआर, म्हणजे भार पेलायची ताकद, दोन-तीन टक्के येते. अर्धा मीटर माती बदलल्याशिवाय डांबर टाकलं तर दुसऱ्या पावसाळ्यात रस्ता लाटांसारखा होतो.

मेपासून आराखडा. इथे थोडं थांबून सांगतो, कारण वास्तुविशारदांना शाळा-दवाखाने सवयीचे असतात, प्रयोगशाळा नसतात.

मजल्याची उंची आधी ठरवा. कार्यालयाला साडेतीन मीटर पुरते. ओल्या प्रयोगशाळेला ४.२ ते ४.५ मीटर लागते, कारण छताखाली हवेचे डक्ट, वायूच्या नळ्या, केबल ट्रे आणि अग्निशमनाचे पाइप एकमेकांना ओलांडतात. खांबांचं अंतर ३.३ मीटरच्या पटीत घेतलं की दोन बाजूंना ओटे आणि मधे दोन माणसं पाठीला पाठ लावून काम करतील एवढी वाट मिळते. बोळ २.४ मीटरचा आणि दारं १.२ मीटरची, कारण यंत्रं लाकडी खोक्यांतून येतात.

फ्यूम हूडचा, म्हणजे रसायनांच्या वाफा ओढून धुराड्यातून बाहेर टाकणाऱ्या बंदिस्त ओट्याचा हिशेब करून पाहा. उघडं तोंड १.२ मीटर रुंद आणि अर्धा मीटर उंच, आत जाणाऱ्या हवेचा वेग सेकंदाला अर्धा मीटर. तासाला सुमारे १,०८० घनमीटर हवा बाहेर जाते, आणि ही सगळी एसीने थंड केलेली हवा असते. असे दहा हूड एकाच वेळी चालले तर वीजबिल कुठे जाईल याचा अंदाज येतो. म्हणून प्रत्येक खोलीत हूड न देता ते एका सामायिक खोलीत एकत्र ठेवले, धुराडी छतावरून तीन मीटर वर नेली आणि ताजी हवा घ्यायची जाळी इमारतीच्या विरुद्ध बाजूला ठेवली. जाळी धुराड्याजवळ ठेवली तर बाहेर टाकलेला वास फिरून आत येतो.

कीटकनाशक अंश तपासणारं एलसी-एमएस-एमएस यंत्र तळमजल्यावर, रस्त्यापासून लांबच्या बाजूला. ऊस हंगामात, म्हणजे दिवाळीनंतर मार्चपर्यंत, रस्त्यावरून भरलेल्या ट्रॉल्यांची रांग असते आणि त्या हादऱ्याने तराजूची खोली सर्वात आधी बिघडते. या यंत्राला तापमान स्थिर हवं, नायट्रोजन अखंड हवा आणि यूपीएस हवा. नमुने स्वीकारायची खोली, नमुने दळायची खोली आणि यंत्राची खोली अशा तीन वेगळ्या खोल्या, वाहतूक एकाच दिशेने. नाहीतर एका द्राक्षाच्या नमुन्यातला अंश दुसऱ्यात दिसतो आणि एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचं मूल्यांकन तिथेच अडतं. एनएबीएलची मान्यता आयएसओ १७०२५ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे मिळते आणि ती इमारतीला नसते, प्रत्येक चाचणीला असते. त्यामुळे उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी निर्यातीचे दाखले देऊ असं कुणाला सांगू नये.

गटारं दोन, पहिल्या दिवसापासून वेगळी. स्वच्छतागृहांचं पाणी सांडपाणी प्रक्रियेकडे, प्रयोगशाळेच्या बेसिनांचं पाणी आम्लाला टिकणाऱ्या पॉलीप्रॉपिलिन पाइपमधून उदासीनीकरण टाकीकडे. वापरलेले सॉल्व्हंट कोणत्याच गटारात नाहीत; ते डब्यांत, लेबल लावून, बंधारा असलेल्या बाहेरच्या खोलीत. घातक कचरा ९० दिवसांहून जास्त ठेवता येत नाही, आणि आपल्या भागातून तो रांजणगावसारख्या सामायिक केंद्राकडे पाठवावा लागतो. थोडासा कचरा न्यायला गाडी परवडत नाही. चार युनिटांचा मिळून एक साठा आणि एकच फेरी, हा अशा पार्कचा भाडेकरूला मिळणारा सर्वात ठोस फायदा, जाहिरातीत मात्र तो कधी दिसत नाही.

विजेचं गणित साधं ठेवलं. ३,००० चौरस मीटरला १०० वॉट प्रमाणे ३०० किलोवॉट, सगळं एकाच वेळी चालत नाही म्हणून ०.६ ने गुणून १८०, पॉवर फॅक्टर ०.९ धरून २०० केव्हीए. रोहित्र ३१५ केव्हीएचं घेतलं, चर आणि चौथरा मात्र ६३० च्या मापाचा. हाच नियम पाणी आणि गटारांना लावला: यंत्र पहिल्या टप्प्यापुरतं, जमिनीखालचं सगळं पूर्ण आकाराचं. यंत्र बदलता येतं. रस्ता उकरून पाइप बदलायला तिप्पट खर्च येतो आणि भाडेकरूंचं काम थांबतं ते वेगळंच.

परवानग्या सप्टेंबरपासून सुरू केल्या. एकूण बांधकाम २०,००० चौरस मीटरच्या आत असेल तर २००६ च्या अधिसूचनेखालची पर्यावरण मंजुरी लागत नाही, पण पुढचे टप्पे धरून हा आकडा ओलांडणार असेल तर तुकडे पाडून दाखवू नका. पुढे एकत्रित क्षेत्र विचारतातच. प्रदूषण नियंत्रण मंडळाची स्थापनेची संमती बांधकामाच्या आधी, चालवण्याची संमती वापराच्या आधी. अर्जात पार्क म्हणून एक आणि प्रत्येक भाडेकरू म्हणून वेगळा, असे दोन थर लागतात. भाडेकराराच्या मसुद्यात हे लिहून ठेवलं. जनुकीय काम करणारा भाडेकरू आला तर त्याची जैवसुरक्षा समिती त्याची, आपल्या गळ्यात घ्यायची नाही.

महावितरणचा व्यवहार्यता अहवाल लवकर मागा, कारण अंदाजपत्रक त्यानंतर येतं. उच्चदाब लाइनचं काम स्वतः करून घेतलं तर १.३ टक्के पर्यवेक्षण शुल्क भरावं लागतं, पण वेळ वाचतो. रोहित्र आणि जनरेटर दोन्हींना विद्युत निरीक्षकाची मान्यता लागते. अग्निशमनाची तात्पुरती मंजुरी नकाशासोबत, अंतिम बांधकामानंतर. बांधकाम परवानगी जानेवारीत आली. ती एक वर्षाची असते, नूतनीकरण करत एकूण चार वर्षं चालते. नूतनीकरणाची तारीख सीएच्या कॅलेंडरवर टाकून ठेवा.

पैशांचं गणित या सगळ्याबरोबर चालूच होतं. संस्था कलम ८ ची, म्हणजे नफा न वाटणारी, कंपनी केली, कारण अनुदान आणि सीएसआर (कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा निधी) दोन्हींना ते सोयीचं पडतं. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत इन्क्युबेटरला, म्हणजे नवख्या उद्योगांना जागा आणि मदत देणाऱ्या केंद्राला, दिलेली देणगी सीएसआरमध्ये धरतात, पण तो इन्क्युबेटर सरकारी निधीवर चालणारा असावा लागतो. म्हणजे आधी सरकारी योजना, मग सीएसआर, हा क्रम उलटा करता येत नाही. केंद्र सरकारच्या अटल इन्क्युबेशन सेंटर योजनेत १० कोटी रुपयांपर्यंतची मदत असते, पण १०,००० चौरस फूट जागा अर्जदाराने द्यायची आणि अर्जाची खिडकी कायम उघडी नसते. इमारतीचा पैसा असा कुठूनच येत नाही. तो आमच्याकडे कारखानदारांच्या भागभांडवलातून आणि बँकेच्या कर्जातून उभा राहिला.

अंदाजपत्रकात इमारतीचा सांगाडा चौरस फुटाला साधारण २,४०० रुपयांनी धरला; ओल्या प्रयोगशाळेच्या आतल्या कामाला जवळपास तेवढेच आणखी. लोक इथपर्यंतच मोजतात. यंत्रांच्या वार्षिक देखभाल करारालाच किमतीच्या पाच ते दहा टक्के जातात, शिवाय वायू, वीज, प्रशिक्षित माणसं. दोन-अडीच कोटींचं यंत्र अनुदानात फुकट मिळालं तरी वर्षाला बारा-पंधरा लाख मागतं. भाड्याचं गणित म्हणून ६० टक्के जागा भरली असताना तोटा होऊ नये असं बसवलं. त्यात न बसणारी दोन यंत्रं यादीतून काढली. ती महाविद्यालयांत आधीच आहेत, तासाच्या दराने वापरायचा करार केला.

भाडेकरू कसे ठेवायचे यासाठी दोन ठिकाणचे नियम अभ्यासले. पुण्याच्या एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आवारातल्या व्हेंचर सेंटरसारखी सामायिक यंत्रांची आणि ओट्याओट्याने भाड्याची पद्धत आमच्या मागणीला जुळते. आयआयटी मद्रासच्या रिसर्च पार्कमध्ये कंपन्यांना संस्थेबरोबर केलेल्या कामाचे गुण मिळवावे लागतात. नाहीतर पार्क म्हणजे नुसता गाळ्यांचा बाजार होतो. त्याची सोपी आवृत्ती करारात घातली: वर्षातून एक तरी काम जिल्ह्यातल्या महाविद्यालयासोबत, नाहीतर भाड्याची सवलत बंद. नवख्या उद्योगाला जागा तीन वर्षं, पुढे बाजारभावाने.

एप्रिल-मेमध्ये जोतं झालं. जोते तपासणीचा दाखला घेण्याआधी एक काम ठेकेदारावर सोडू नका. फरशीतून वर येणारे सगळे स्लीव्ह, म्हणजे पाइप आणि तारा जायला ठेवलेली नळकांडी, प्रयोगशाळेच्या गटाराचे, वायूचे, अर्थिंगचे आणि डेटाचे, नकाशा हातात घेऊन एकेक मोजा, त्यांचे फोटो टेपसकट काढा आणि तोंडं टोपणाने बंद करून घ्या. उघड्या स्लीव्हमध्ये काँक्रीट पडतं, आणि गटाराचा स्लीव्ह १०० मिलिमीटरऐवजी ७५ चा निघाला तर मुरमावर घातलेली फरशी फोडण्यावाचून दुसरा उपाय राहत नाही.